तड्यावरची काच

बहिरूनानांनी स्टुलावर चढून चष्मा कपाळावर सरकवला, नाक जवळजवळ भिंतीला टेकवलं आणि काचेच्या डाव्या टोकाला असलेल्या पांढऱ्या गोळ्यावर नख घासून पाहिलं. मग उजव्या टोकाच्या गोळ्यावर. मग पुन्हा डाव्या. सही नव्हती.

"आयला!" ते पुटपुटले.

काच मात्र जागेवर होती. बोटभर रुंद, वीतभर लांब, भिंतीतल्या तड्यावर आडवी चिकटवलेली, आणि अगदी धडधाकट. दुसरा कुणी असता तर काच शाबूत आहे म्हणून देवाला हात जोडून चहाला गेला असता. नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि काच पहिल्यापासून तपासली.

मागं खाटेवर मंजुषा कुशीवर वळली. तिला आठवा लागला होता. पहिलटकरीण लेक माहेरी आलेली, आणि या भाड्याच्या नव्हे, स्वतःच्या घरात तिला द्यायला हीच एक मागची खोली होती.

"नाना, काय झालं?"

"काही नाही. तू पड."

"काही नाही" हे नानांचं ठरलेलं उत्तर. सगळी नोकरी त्यांनी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढली होती, आणि त्या धंद्यात जो बोलला तो फसला. आज कुठल्या फाट्यावर उभं राहणार हे ते डेपोत सांगत नसत, बायकोला तर नाहीच नाही. गाडीत चढले की नुसत्या चेहऱ्यावरून बिनतिकिटाचा माणूस ओळखायचे. बायका खिडकीशी बसलेल्या असायच्या, तिकीट मागितलं की तोंडानं काही बोलायच्या नाहीत, पदरातून हात काढून पुढच्या सीटकडं बोट करायच्या. तिकीट मालकापाशी. नानांनी अशा बोटावर कधी विश्वास ठेवला नाही. पुढं जाऊन मालकाला गाठायचे, तिकीट बघायचे, दोघांचं आहे ना ते बघायचे, मगच मागं वळायचे. रिटायर झाल्यावरही डोक्यातली ती संशयाची घंटी काही बंद झाली नव्हती. दूधवाला, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांकडं ते त्याच नजरेनं बघत. लोक पाठीमागं हसत. हसू देत.

पण या वेळी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

पंचवटीत दिंडोरी नाक्याकडं जाताना आतल्या गल्लीत त्यांची ही तीन मजली बिल्डिंग. नाना तळमजल्यावर. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळात बांधलेली. भूजचा भूकंप झाला, टीव्हीवर पत्त्यांसारख्या पडलेल्या इमारती दिसल्या, आणि तेव्हापासून जो तो इंजिनिअर झाला होता. जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, एकच चर्चा. आपली बिल्डिंग कॉलमवर उभी आहे का नुसत्या भिंतींवर? पाया किती खोल? खाली काळी माती आहे का मुरूम? बांधली कुणी, आणि तो आता कुठं आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, तो बिचारा कधीच वर गेला होता. बाकीच्यांची उत्तरं अशी निघाली की विचारलं नसतं तर बरं झालं असतं. कॉलम नव्हते. सगळा भार भिंतींवर. खाली काळी माती.

आणि त्याच हिवाळ्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एका बिल्डरनं तळघराचं पार्किंग खोदायला घेतलं. जेसीबी आला, खड्डा नानांच्या मागच्या खिडकीपाशी येऊन ठेपला, आणि एका सकाळी खोलीच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरका जाणारा केसाएवढा तडा दिसला.

ओरडा झाला. बिल्डरनं आपला इंजिनिअर पाठवला, तरुण पोरगा, बोलायला मऊ. त्यानं तड्यावर काच चिकटवली आणि जमलेल्यांना समजावलं, की भिंत जराही हलली तर ही काच फुटणार. काच फुटली तर खोदकाम बंद, आधी खड्ड्याच्या कडेला आधाराची भिंत. नाही फुटली तर तडा जुनाच आहे म्हणायचं, आणि सोसायटीनं हरकत नसल्याचं लिहून द्यायचं. सेक्रेटरी चिमाजी आहेर लगेच मान हलवून मोकळे. नवीन बिल्डिंगमध्ये जावयासाठी गाळा बघून ठेवलाय, असं नानांच्या कानावर होतंच.

काच त्यांची, इंजिनिअर त्यांचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. नानांनी मग कुणाला न सांगता पांढऱ्या गोळ्यावर हिरव्या शाईनं आपली सही ठोकून दिली, कंडक्टरच्या कागदावर ठोकायचे तशी, शेपटीला एक टिंब देऊन.

ती सही आज नव्हती. म्हणजे काच बदललेली होती. म्हणजे आधीची फुटली होती. म्हणजे भिंत हलत होती, आणि भिंतीखाली पोर झोपत होती.

नाना स्वयंपाकघरात आले. गोजराबाई तव्यावर भाकरी टाकत होत्या.

"मागच्या खोलीत कुणी आलं होतं?"

"कोन येनार? मी काय गावाला गेलेय का? हितंच असते."

"कुणीच नाही?"

"नाय." भाकरी उलटताना त्यांनी वर पाहिलं नाही. "चहा घ्या. गार होतोय."

नानांनी चहा घेतला. घरच्या माणसाच्या शब्दावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. शंका घ्यायला बाहेर माणसं काय थोडी होती?

त्यांनी दुसरी सही केली, या वेळी दोन्ही गोळ्यांवर, आणि तपास सुरू केला. आहेर चार वेळा घरात डोकावून गेले होते, पण त्यांना स्टुलावर चढायला गुडघे कुठं होते? दूधवाला ओट्याच्या पुढं येत नव्हता. राहता राहिली खिडकी. तडा खिडकीच्या अगदी लगत. गजांतून हात घातला तर काचेला सहज पोचेल. आणि खिडकीच्या पलीकडं, खड्ड्याच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहत होता बिल्डरचा वॉचमन. झिपरू.

झिपरू पेठ तालुक्यातला. बायको कुसाबाई आणि एक कोंबडी असा त्याचा संसार. बोलायचा कमी. मागच्या नळावर पाणी भरायला यायचा, आणि गोजराबाई त्याला भाकरी द्यायच्या, कधी कालवण. बदल्यात तो त्यांची दळणाची पिशवी आणून द्यायचा. नानांना हे येणंजाणं पहिल्यापासून खुपत होतं. फुकट कोण कुणाचं दळण उचलतं?

मंजुषाला घेऊन गोजराबाई डॉक्टरकडं गेल्या त्या सकाळी नाना मागच्या खोलीत दाराआडच्या खुर्चीवर बसून राहिले. बाहेरून बघणाऱ्याला खोली रिकामी वाटावी असे. फाट्यावरच्या चिंचेखाली असेच तासन्‌तास बसायची सवय होती. फार थांबावं लागलं नाही. गजांमधून एक काळा हात आत आला. हातात वर्तमानपत्राची पुडी.

"मावशी," हलक्या आवाजात हाक आली. "ओ मावशी."

नानांनी झडप घालून मनगट धरलं.

"काय आहे पुडीत?"

झिपरूचा चेहरा राखेसारखा झाला. "पांढरं शिमिट हाय, नाना."

"कशाला?"

झिपरूनं पुडी मुठीत दाबली.

"कुणी आणायला सांगितलं?"

झिपरूनं मान वळवून खड्ड्याकडं पाहिलं. बस! नानांना तेवढं पुरेसं होतं. बिनतिकिटाचा माणूस असाच खिडकीबाहेर बघायला लागतो.

"मावशी घरात आहे का नाही, याचा अंदाज घेत होतास ना? कधीपासून चाललंय हे? बोल! माझी पोर झोपते रे इथं!"

झिपरूनं मुठीतली पुडी अलगद सोडून दिली. हात सोडवायचाही प्रयत्न केला नाही.

मग काय, बोभाटा झाला. सगळी बिल्डिंग खाली. आहेरांनी कपाळाला हात लावला. इंजिनिअरला बोलावणं गेलं, त्यानं शपथा घेतल्या की मी असलं काही सांगितलेलं नाही. बिल्डरच्या माणसानं आपले हात झटकायला झिपरूला तिथल्या तिथं कामावरून काढलं. झिपरू शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. कुसाबाईनं भांडी गोणीत भरली, कोंबडी बगलेत मारली, आणि नवऱ्यामागं गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली. इंजिनिअरनं सगळ्यांसमोर नवी काच लावली. नानांनी सगळ्यांसमोर त्यावर सही केली. दोघा-तिघांनी म्हटलंसुद्धा, नाना, मानलं बुवा तुमच्या नजरेला! नानांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

गोजराबाई परतल्या तेव्हा खोपट रिकामं होतं.

"झिपरू कुठं गेला?"

"हाकलला."

"का?"

"लबाड निघाला."

गोजराबाई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. "चोरी केली का त्यानं?"

"चोरीच म्हणायची."

एवढंच. यापलीकडं नानांनी काही सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. मंजुषानं दोनदा विचारलं, आई, बरं नाही का? त्या म्हणाल्या, उन्हात फिरलेय ना.

पुढचा आठवडा नाना निर्धास्त झोपले. आठवडा सरला, त्यांनी सकाळी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक भिंतीला लावलं.

सही नव्हती.

नानांनी खिडकीची कडी हलवून पाहिली, ती पक्की होती. ज्याला हाकललं तो गेला होता. खिडकी त्यांनी तेव्हापासून आतून लावून घेतली होती. आणि तरी काच बदलली होती. तड्याचं वरचं टोक आता छताला भिडलं होतं, असं त्यांना वाटलं. का ते आधीपासूनच तिथं होतं? खाटेवर मंजुषा उताणी झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात पोटावर. लहानपणीही अशीच झोपायची. तिला उठवून दुसऱ्या खोलीत नेऊ का, नाना विचार करत राहिले. पण मग ती कारण विचारणार. गोजरा घाबरणार. आणि ज्यानं हे केलं तो सावध होणार.

त्यांनी जुना हुकमी डाव टाकायचं ठरवलं. तपासनीस पुढं निघून गेला असं कंडक्टरला वाटू द्यायचं, आणि पुढच्याच थांब्यावर उतरून मागं फिरायचं.

"येवल्याला जाऊन येतो," जेवताना त्यांनी जाहीर केलं. "जावईबापूंना भेटून. रात्र होईल."

मुद्दाम जिन्यात आहेरांनाही ऐकवलं. पिशवी घेतली, निमाणीच्या स्टँडपर्यंत चालत गेले, फलाटावर एक चहा घेतला, येवल्याची गाडी लागलेली डोळ्यांनी पाहिली आणि रिक्षा करून मागच्या बाजूनं प्लॉटवर उतरले. दुपारची वेळ. जेसीबीवाला सावलीत झोपलेला. नाना खड्ड्याच्या कडेनं, एका हातानं भिंत चाचपत, आपल्याच खिडकीखाली येऊन उभे राहिले. झिपरू उभा राहायचा नेमक्या त्याच जागी. पायाखालची माती मऊ लागत होती. वहाणेच्या टोकापासून एक ढेकूळ सुटलं आणि खाली पाण्यात डुबूक आवाज झाला. नानांनी खाली पाहिलं. भिंतीला धरून, भिंतीच्या लांबीइतकी, जमिनीतच एक भेग गेली होती. त्यात त्यांचा अंगठा मावला असता.

मग त्यांनी खिडकीतून आत पाहिलं.

खिडकी उघडी होती. भिंतीपाशी स्टुलावर गोजराबाई चढल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. एका हातात वाटी, वाटीत कालवलेलं पांढरं सिमेंट. त्यांनी उलथन्याच्या टोकानं गोळे हलकेच सोडवले, काच काढली. मधोमध चिरलेली होती. ती त्यांनी फडक्यात गुंडाळली, कनवटीची नवी काच काढली, पदरानं पुसली, सूनबाईला जपावं तशी अलगद तड्यावर टेकवली आणि कडांना सिमेंट लावून बोटानं गोल गोल फिरवत बसल्या. खाली मंजुषा गाढ झोपलेली.

 डोक्यातली घंटी, जी आहेरांकडं बघून वाजायची, दूधवाल्याकडं बघून वाजायची, ती गप्प होती.

"गोजरा."

वाटी खाली पडली. गोजराबाईंनी खिडकीकडं पाहिलं आणि स्टुलाची कड घट्ट धरली.

"अगो बया! तुम्ही तर येवल्याला..."

"काय करतेस तू?"

"हळू बोला. पोर झोपलीय."

"मी विचारतो, काय करतेस?"

"दिसत नाय का?" त्या चोरट्या आवाजात पण ठसक्यात बोलल्या. "फुटकी काच लावून ठिवलीय भितीला. घरात पोटुशी पोर. सकाळी डोळं उघडलं की पयली नजर फुटक्या काचंवर जाती तिची. घरात फुटका आरसा ठेवत नाय कुणी, अन् हितं बाळंतिणीच्या उशाशी फुटकी काच! तुम्हाला सांगून काय उपेग? तुम्ही हसनार."

"म्हणून बदललीस?"

"फुटली तवा तवा बदलली. कारंज्यावरचा फ्रेमवाला तुकडं कापून देतो. देवाच्या फोटूचीच काच हाय, चांगली."

नानांनी गज धरले. "अगं बाई, ती फुटते का हेच बघायला लावली होती ती!"

"मला कुनी सांगितलं?"

 काच लावली त्या दिवशी गोजराबाई मंजुषाला आणायला येवल्याला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी विचारलं होतं, हे काय लावलंय हो? नाना म्हणाले होते, काही नाही, हात लावू नकोस. साऱ्या बिल्डिंगला काचेचं शास्त्र समजावून सांगितलं होतं, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. घरात तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"हात लावू नको म्हणालो होतो की नाही?"

"व्हय. पन फुटली तर काय करायचं ते कुठं म्हनला होता?" गोजराबाईंनी फडकं मुठीत आवळलं. "तडा तर डोळ्याला दिसतोय. तडा हाय हे सांगाया काच कशाला पायजे?"

"तडा आहे हे नाही सांगत ती. भिंत सरकतेय, हे सांगते. भिंत सरकली की काच फुटते."

गोजराबाईंनी भिंतीकडं पाहिलं. मग हातातल्या फडक्याकडं. मग खाली खाटेकडं.

"म्हंजी... जेवढ्या येळा फुटली, तेवढ्या येळा..."

 त्या स्टुलावरून कशा उतरल्या देव जाणे. "ऊठ गं माझे बाई, ऊठ, ऊठ!" एवढंच ऐकू आलं. नाना बिल्डिंगला वळसा घालून पुढच्या दारातून आत पोचेपर्यंत मंजुषा पुढच्या खोलीत जमिनीवर बसलेली होती, डोळे चोळत, आणि गोजराबाई एकट्यानं खाट ओढून बाहेर काढत होत्या. नानांनी दुसरं टोक धरलं.

खाट ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "आणि झिपरू?"

"शिमिट त्योच आनून द्यायचा, मूठभर. सायटीवर सांडतं ते. त्यातलंच उरलेलं पुरवलं आजवर. मीच म्हनलं होतं, नानांना सांगू नको रं, ते हसत्यात." गोजराबाईंनी तोंडाला पदर लावला. "तुम्ही म्हनला चोरी केली. मला वाटलं, तेवढ्या शिमिटापायी काढला त्याला. माझ्यापायी गेला. मग मी कोनत्या तोंडानं बोलू?"

त्यांनी बंबामागून डालड्याचा जुना डबा काढला. आत फडक्यात सगळ्या फुटक्या काचा. रस्त्यावर टाकल्या तर कुणाच्या पायात जातील म्हणून ठेवलेल्या. एकीच्या टोकाला पांढरा गोळा तसाच चिकटलेला होता, आणि गोळ्यावर हिरव्या शाईची सही. शेपटीला टिंब.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाना नाक्यावर गेले, जिथं मजूर कामाची वाट बघत उभे असतात. झिपरू रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता, शेजारी कुसाबाई. नानांना बघून तो उठून उभा राहिला, मार खायची तयारी असल्यासारखा.

"सांगितलं का नाहीस रे गाढवा?" नानांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"मावशीनं नको म्हनलं व्हतं."

"अरे, पण कामावरून काढत होते तुला!"

झिपरूनं खांदे उडवले. "भाकर खाल्ली व्हती," तो म्हणाला.

कुसाबाई नवऱ्याकडं रागानं बघत होती. हा राग रास्तच होता.  नानांनी रिक्षा थांबवली, गोणी आधी आत ठेवली, आणि दोघांना बसवून स्वतः पुढं ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले.

संध्याकाळी बिल्डिंगच्या आवारात मीटिंग भरली. नानांनी डालड्याचा डबा आहेरांच्या टेबलावर उपडा केला. काचा बघून कुजबुज थांबली. बिल्डरचा माणूस म्हणाला, कशावरून या हातानं फोडल्या नाहीत? तेव्हा नानांनी सगळ्यांना मागच्या खोलीत नेलं. आदल्या दुपारी गोजराबाईंनी लावलेली काच भिंतीवर होती, आणि तिच्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बारीक रेघ उमटली होती. इंजिनिअरनं ती बघितली, खिडकीतून वाकून खालची भेग बघितली आणि मागं सरला. त्याचा चेहरा उतरला होता.

"खोदकाम बंद," तो बिल्डरच्या माणसाला म्हणाला. "आत्तापासून. आधी कडेला भराव टाका, मग आधाराची भिंत. आणि तोवर या बाजूच्या खोल्यांत कुणी झोपायचं नाही."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी मंजुषाच्या डोक्यावरून हात फिरवला. नानांनाही वाटलं, सुटलो. पण पुन्हा टेबलाशी बसल्यावर आहेरांनी घसा साफ केला.

"ते सगळं झालं. पण काचा बदलत होतं कोण? झिपरू गेला तरी काच बदललीच की."

फाटकापाशी झिपरू आणि कुसाबाई उभे होते. झिपरूनं मान खाली घातली. बायकांच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर, गोजराबाईंचे हात मांडीवर एकमेकांना धरून बसले होते. वरच्या मजल्यावरच्या शिकलेल्या सुना त्यांच्या अवतीभवती. अपशकुनापायी सगळी बिल्डिंग पाडायला निघालेली बाई, म्हणून उद्यापासून जिन्यात हसायला यांना किती दिवस पुरलं असतं!

"मी," नाना म्हणाले.

"काय?"

"काचा मी बदलत होतो. झिपरूचा काही संबंध नव्हता. त्याला परत कामावर घ्या."

आहेर बघतच राहिले. "अहो, तुम्हीच तर त्या गरिबाला धरलंत! कशासाठी पण?"

नानांपाशी कारण नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या सबबी ऐकल्या होत्या, तिकीट वाऱ्यानं उडालं, पोरानं खाल्लं, कंडक्टरनं दिलंच नाही. त्यातली एकसुद्धा आत्ता उपयोगी पडेना. 

"बिल्डरनं किती दिले, नाना?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं. हसू उमटलं, पण पुरतं नाही.

आहेर वळले. "काकू, तुम्हाला माहीत होतं का हे? कोण करत होतं?"

गोजराबाईंचे ओठ हलले. त्यांनी नानांकडं पाहिलं. नाना त्यांच्याकडंच बघत होते, आणि त्या नजरेत दरडावणी नव्हती, विनवणी होती.   मग त्यांनी पदरातून हात काढला आणि काही न बोलता नवऱ्याकडं बोट केलं.

नानांनी असं बोट आयुष्यात किती वेळा पाहिलं होतं. त्यावर विश्वास ठेवला नव्हता कधी.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

आहेरांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं, आणि त्यांची नजर, आतल्या नोटा मोजत असल्यासारखी, नानांच्या सदऱ्याच्या खिशावर येऊन थांबली. नानांनी ती थांबू दिली.